ब्रिजिट: बृहतीची आयरिश बहीण

मुलींच्या नावांचे अर्थ देणाऱ्या याद्यांमध्ये 'ब्रिजिट'पुढे बऱ्याचदा 'अग्निबाण' असे लिहिलेले असते. हा अर्थ फार जुना आहे, पण चुकीचा आहे. इसवी सन ९०० च्या सुमारास आयर्लंडमधल्या मन्स्टर प्रांताचा राजा आणि बिशप असलेल्या कॉर्मकच्या नावावर असलेल्या आयरिश शब्दकोशात तो आला. नावाचे दोन तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाला एकेक अर्थ चिकटवायचा, ही हौस आपल्याकडच्या हौशी व्युत्पत्तिकारांनाही कमी नाही.

भाषाशास्त्राने लावलेला अर्थ आपल्याला जास्त जवळचा आहे. या नावाचे मूळ केल्टिक (आयरिश, वेल्श ज्या कुळातल्या त्या भाषांतले) रूप 'ब्रिगान्ती', म्हणजे उंच, थोर अशी ती. संस्कृतातल्या 'बृहती'चे हे सख्खे भावंड. ऋग्वेदात उषेला हेच विशेषण लावले आहे. उत्तर इंग्लंडमध्ये रोमन लोकांची गाठ पडली ती ब्रिगान्तेस टोळीशी. तिथल्या ब्रिगान्तिया देवीच्या नावाचे रोमनकालीन शिलालेख आजही आहेत. आयर्लंडमधली ब्रिगिट ही दग्दा या देवाची मुलगी. कवी तिची उपासना करत. तिच्या दोन बहिणींचे नावही ब्रिगिटच. एक वैद्यकाची देवता, दुसरी लोहारकामाची. आजच्या आयरिशमध्ये याच नावाचे 'ब्रीद' झाले आहे. आपल्या 'ब्रीदा'शी त्याचा काही संबंध नाही, पण कानाला गोड लागते खरे.

देवीचे नाव पुढे संत ब्रिजिटकडे आले. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला वारलेल्या या बाईंनी किल्डेअरला मठ स्थापला. 'किल्डेअर' म्हणजे ओकवृक्षाचे चर्च. दासीच्या पोटी जन्म, गाईगुरे, दूधदुभते, पाण्याची बिअर करणे अशा त्यांच्या कितीतरी कथा आहेत. बाराव्या शतकाच्या अखेरीस जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने किल्डेअरच्या अखंड अग्नीचे वर्णन लिहून ठेवले. एकोणीस जोगिणी पाळीपाळीने एकेक रात्र तो राखत आणि विसाव्या रात्री तो ब्रिजिटवर सोपवून निघून जात. राख म्हणे कधी वाढत नसे. संतांचा सण १ फेब्रुवारीला, म्हणजे ज्या दिवशी जुन्या केल्टिक पंचांगात वसंत सुरू होतो, त्याच दिवशी. देवी कुठे संपते आणि संत कुठे सुरू होतात, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही.

एवढी लाडकी संत, तर घरोघरी ब्रिजिट असायला हव्या होत्या. पण शतकानुशतके आयरिश लोकांनी मुलींना हे नाव ठेवलेच नाही म्हटले तरी चालेल. संतांचे नाव थेट घेणे त्यांना उद्धटपणाचे वाटे. त्याऐवजी पुरुषांची नावे असत: 'मेलब्रिग्ते', म्हणजे ब्रिजिटसाठी मुंडन केलेला, किंवा 'गिल्ला ब्रिग्ते', ब्रिजिटचा सेवक. आपला देवीदासच की! 'मॅकब्राइड' हे आडनाव त्यातूनच आले. १९७४ चे शांततेचे नोबेल मिळालेले शॉन मॅकब्राइड याच आडनावाचे. कुमारी मेरीचेही तसेच. तिच्यासाठी 'मुइरे' हे रूप राखून ठेवले आणि घरातल्या मुलींना 'माइरे' म्हटले. हा संकोच सतराव्या शतकाच्या सुमारास सैल झाला. मग मात्र हे नाव असे पसरले की विसाव्या शतकाच्या आरंभी आयर्लंडमध्ये ते मेरीच्या पाठोपाठच्या आघाडीच्या नावांत होते. घरी त्याचे ब्रायडी, ब्रीडा, डीलिया आणि बिडी झाले.

या लोकप्रियतेनेच नावाचा घात केला. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने आयर्लंड रिकामे व्हायला लागले. जहाजे भरभरून अमेरिकेला गेलेल्यांत एकट्यादुकट्या तरुण मुली पुष्कळ होत्या. बॉस्टन-न्यूयॉर्कच्या घरांत त्या मोलकरणी झाल्या. मालकीण बाई तिला ब्रिजिट किंवा बिडी म्हणू लागली, मग खरे नाव काहीही असो. व्यंगचित्रांतली भांडी फोडणारी, मालकिणीला उलट बोलणारी आयरिश बाईही ब्रिजिटच. मुंबईत कोकणातून आलेल्या घरगड्याला सरसकट 'रामा' म्हणत, त्यातलाच हा प्रकार. देवाचे नाव असे हुकमाचे झाले. तिकडच्या आयरिश कुटुंबांनी पुढच्या पिढीत मुलींना हे नाव ठेवणे टाळले, यात नवल नाही. खुद्द आयर्लंडमध्येही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते आजीचे नाव होऊन बसले.

युरोपात मात्र या नावाला वेगळे नशीब मिळाले. चौदाव्या शतकात स्वीडनमध्ये संत बिर्गित्ता होऊन गेल्या, फ्रेंचांनी 'ब्रिजित' केले आणि अभिनेत्री ब्रिजित बार्दोमुळे ते चित्रपटगृहांत पोचले. मोलकरणीच्या विनोदाची सावली तिथे पडली नाही.

१९९३ मध्ये किल्डेअरच्या बाजारचौकात ती ज्योत पुन्हा पेटवली गेली. २०२३ पासून आयर्लंडमध्ये संत ब्रिजिटसाठी सार्वजनिक सुट्टी असते. एका स्त्रीच्या नावाची ही तिथली पहिलीच सुट्टी. ती फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी येते. १ तारीख शुक्रवारी पडली तर त्याच दिवशी. या सणाला लव्हाळ्याचे चार हातांचे क्रूस विणून दारावर लावतात. बारशाला हे नाव मात्र अजून फारसे परतलेले नाही.