योगशिक्षकाचे सरकारी प्रमाणपत्र: गोव्यातून अर्ज करताना काय पाहावे, काय जमवावे

सत्तरी-फोंड्यापासून काणकोणपर्यंत कितीतरी योगशिक्षक वर्षानुवर्षे पहाटेचे वर्ग घेत आले आहेत. कुणी देवळाच्या सभामंडपात, कुणी पंचायतीच्या सभागृहात. अनुभव दांडगा, विद्यार्थीही भरपूर, पण शाळेने किंवा एखाद्या हॉटेलने ‘प्रमाणपत्र दाखवा’ म्हटले की अडचण होते. हे लेखन त्यांच्यासाठी आहे, आणि नव्याने या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुण मुलामुलींसाठीही.

केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाअंतर्गत योग प्रमाणन मंडळ आहे. दिल्लीच्या मोरारजी देसाई राष्ट्रीय योग संस्थेतून त्याचे काम चालते. हे मंडळ योगशिक्षकांची परीक्षा घडवून आणते आणि प्रमाणपत्र देते. योजना ऐच्छिक आहे. प्रमाणपत्र नाही म्हणून कुणी तुमचा वर्ग बंद पाडणार नाही. तरीही अर्ज करावा असे मला मनापासून वाटते, कारण तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसासमोर तुमचे ज्ञान त्यामुळेच सिद्ध होते.

आधी एक घोळ मिटवू. हरमल, मांद्रे, आगोंद, पाळोळे या किनाऱ्यांवर ‘200 तासांचा’ योगशिक्षक अभ्यासक्रम चालवणाऱ्या शाळा बऱ्याच आहेत. त्यांच्या फलकावर बहुधा योगा अलायन्सचे नाव असते. ती अमेरिकेतली खासगी नोंदणी संस्था आहे. परदेशी पाहुण्यांना शिकवायचे असेल तर त्या नोंदणीचा उपयोग होतो, पण ती भारत सरकारची मान्यता नव्हे. योग प्रमाणन मंडळाची पहिली मुख्य पातळीही 200 तासांचीच असल्याने फी भरणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. म्हणून पैसे देण्याआधी स्पष्ट विचारा: परीक्षा कोण घेणार आणि प्रमाणपत्रावर नाव कुणाचे असणार?

कोणती पातळी आपली?

योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर (200 तास), योग वेलनेस इन्स्ट्रक्टर (400 तास), योग टीचर अँड इव्हॅल्युएटर (800 तास) आणि योग मास्टर (1600 तास) अशा या पायऱ्या आहेत. त्यांच्याही खाली योग व्हॉलंटियर ही प्राथमिक पायरी आहे. वसाहतीत, उद्यानात, गावच्या वर्गात सामान्य योग प्रोटोकॉल (आसने, प्राणायाम, ध्यान यांचा सरकारने ठरवून दिलेला क्रम) घ्यायचा असेल तर पहिली, म्हणजे 200 तासांची पायरी पुरते. शाळा, कार्यालये, योग स्टुडिओ डोळ्यांसमोर असतील तर दुसरी बघा. इतर शिक्षक घडवायचे किंवा परीक्षक व्हायचे असेल तर तिसरी.

योगोपचाराची शाखा वेगळी आहे आणि तिच्या पातळ्याही वेगळ्या. प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टरने मधुमेह किंवा मणक्याच्या दुखण्यावर ‘उपचार’ देतो असे फलकावर लिहू नये. समोरच्याचा जीव आपल्या शब्दावर विसंबलेला असतो, म्हणून ही मर्यादा मी फार महत्त्वाची मानतो.

पात्रता

मान्यताप्राप्त संस्थेत अभ्यासक्रम करून परीक्षेला बसायचे असेल तर पहिल्या पातळीसाठी दहावी, दुसरीसाठी बारावी आणि तिसरीसाठी पदवी अशी साधारण अपेक्षा असते. संस्था आपल्या अटीही घालू शकते. मात्र खुला उमेदवार म्हणून, म्हणजे संस्थेत अभ्यासक्रम न करता, थेट परीक्षा देण्याची सोय आहे आणि तिथे शिक्षणाची अट आड येत नाही. गुरूकडे बसून शिकलेल्या, पण कुठल्याही वर्गात नाव न घातलेल्या जुन्या शिक्षकांनी हाच मार्ग धरावा.

कागदपत्रे

यादी लहान आहे: अलीकडचा फोटो, सही, आधार किंवा दुसरे ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा, शिक्षणाची गुणपत्रिका आणि चालू असलेला मोबाइल व ईमेल. गोव्यात खरी अडचण येते ती नावाची. जन्मदाखल्यावर आडनाव पोर्तुगीज वळणाने ‘सी’ अक्षर घालून लिहिलेले, आधारवर तेच ‘के’ घालून. एका कागदावर पोरोब, दुसऱ्यावर प्रभू. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत तर तीन कागदांवर तीन नावे निघतात. अर्जात जे नाव टाकाल तेच प्रमाणपत्रावर छापून येणार. त्यामुळे आधार आणि दहावीची गुणपत्रिका समोरासमोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून बघा. फरक किरकोळ असेल तर आधारमध्ये दुरुस्ती करून घेणे सोपे. नावच बदलायचे असेल तर गोव्यात त्यासाठी 1990 चा स्वतंत्र कायदा आहे, आणि ते काम नागरी निबंधकाच्या कार्यालयातून होते. आधी ते उरका, मग परीक्षेचा अर्ज भरा.

अर्ज

खुल्या उमेदवाराने मंडळाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त परीक्षा संस्थांची यादी उघडावी. त्यातली एक निवडून तिच्याकडे नोंदणी करायची, पातळी ठरवायची, कागद चढवायचे आणि शुल्क भरायचे. परीक्षा कुठल्या शहरात, कोणत्या भाषेत आणि कशी होणार हे शुल्क भरण्याआधी विचारून घ्या. पावती जपून ठेवा. बाकी फॉर्म अवघड नाही.

परीक्षेची तयारी

परीक्षेचे दोन भाग असतात: लेखी आणि प्रात्यक्षिक. वजन प्रात्यक्षिकाला जास्त. पण चांगले आसन करणारी माणसे अडखळतात ती लेखीत, कारण तत्त्वज्ञान म्हणजे प्रस्तावना असे समजून ती पाने उलटून टाकतात.

अभ्यासक्रमात पतंजलींची योगसूत्रे, भगवद्गीता आणि हठयोगावरचा जुना ग्रंथ हठप्रदीपिका आहेत. यम-नियम पाठ असून भागत नाही, ते कशासाठी आहेत हे उमगायला हवे. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह हे पाच यम आसनाच्या आधी येतात, कारण दुसऱ्याशी वागण्यात गढूळपणा असेल तर बसल्या जागी मन निवळत नाही. ‘स्थिरसुखमासनम्’ या सूत्रात आसनाची सारी कसोटी आहे: स्थिर हवे आणि सुखाचेही हवे. पाय ओढून-ताणून डोक्यामागे नेणाऱ्या विद्यार्थ्याला थांबवायचे बळ शिक्षकाला या सूत्रातून मिळते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले ‘समत्वं योग उच्यते’ (समभाव म्हणजेच योग) आणि ‘योगः कर्मसु कौशलम्’ (कर्मातले कौशल्य म्हणजे योग) एकत्र वाचा. मराठी माणसाला एक जास्तीची सोय आहे: गीतेच्या सहाव्या अध्यायावरच्या ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. आसन, प्राण, कुंडलिनी यांचे इतके जिवंत वर्णन आपल्या भाषेत आहे आणि आपण ते वाचत नाही याची मला खंत वाटते.

प्रात्यक्षिकात परीक्षक आसन करायला सांगतात, तसेच शिकवूनही दाखवायला लावतात. भुजंगासन घ्या. पोटावर झोपा, कपाळ जमिनीला, तळवे छातीच्या बाजूला, कोपरे अंगालगत. श्वास घेत डोके आणि छाती नाभीपर्यंतच उचला. श्वास सोडत खाली या. इतके सांगून थांबू नका. हर्निया किंवा अल्सर असलेल्याने हे करू नये, पोटाची शस्त्रक्रिया झालेल्याने दोन-तीन महिने टाळावे, हेही त्याच दमात सांगा. सांगताना नजर समोरच्याच्या कोपरांवर असली पाहिजे, कारण ती हमखास बाहेर फाकतात. सामान्य योग प्रोटोकॉल सुमारे 45 मिनिटांचा आहे. ‘संगच्छध्वं’च्या प्रार्थनेपासून भ्रामरी प्राणायाम आणि ध्यानापर्यंत सगळा क्रम, न अडखळता, मोठ्याने बोलून घरच्यांकडून करवून घ्या. वर्गात आपल्याला फक्त कोकणीतून किंवा मराठीतून बोलायची सवय असेल, तर आसनांची संस्कृत नावे तोंडात बसू द्या.

नोकरीसाठी वापरायचे असेल तर

परीक्षेला गोव्याच्या रहिवासाची अट नाही. गोवा सरकारच्या पदासाठी अर्ज करताना मात्र प्रमाणपत्राच्या जोडीला पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि रोजगार विनिमय केंद्राची नोंदणी बहुतेक जाहिरातींत मागतात. कोकणी येणे आवश्यक, मराठी येत असल्यास प्राधान्य, असेही त्यात लिहिलेले असते. रहिवासी दाखला मामलेदार कार्यालयातून मिळतो आणि त्याला वेळ लागू शकतो. जाहिरात निघाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा परीक्षेचा निकाल येईपर्यंतच्या काळात तो अर्ज देऊन टाका.