होम थिएटर रिसीव्हरची निवड
होम थिएटर रिसीव्हर म्हणजे टीव्हीखालचा तो जाडजूड काळा डबा, दुकानात एव्हीआर नाहीतर नुसतं ॲम्प म्हणतात. सेट टॉप बॉक्स, ब्लू-रे, प्लेस्टेशन सगळ्यांच्या एचडीएमआय केबल यात येतात, चित्र पुढे टीव्हीला जातं आणि डॉल्बी किंवा डीटीएस फॉरमॅटमधला आवाज उलगडून, ॲम्प्लिफाय होऊन स्पीकरना वाटला जातो. आपल्याकडे होम थिएटर म्हटलं की सबवूफरमध्येच (खर्जाच्या मोठ्या स्पीकरमध्ये) ॲम्प असलेला 5.1 चा तयार सेट डोळ्यासमोर येतो, पण ते प्रकरण वेगळं, इथे स्पीकर आपले आपण निवडायचे असतात. डेनॉन, यामाहा, मॅरँट्झ, ओन्क्यो, सोनी ही नेहमीची नावं.

निवडताना सगळ्यात जास्त फसवणारा आकडा म्हणजे वॅट. डब्यावर मोठ्या अक्षरात 150 वॅट लिहिलेलं असतं, आणि खाली बारीक अक्षरात 6 ओहम (स्पीकरचा विद्युत रोध), 1 किलोहर्ट्झ, 10 टक्के डिस्टॉर्शन, एकच चॅनल चालू. म्हणजे एकाच सुरावर, आवाज फाटेपर्यंत ताणून, बाकीचे स्पीकर गप्प बसवून मोजलेला आकडा! तोच रिसीव्हर 8 ओहमवर, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, 0.08 टक्के डिस्टॉर्शन आणि दोन चॅनल चालू अशा अटींवर 80 च्या आसपास उतरू शकतो, आणि पाचही चॅनल एकदम चालवले तर अजून खाली. दोन मॉडेलची तुलना करायची तर ही दुसरी ओळ शोधायची, पहिली सोडून द्यायची. अमेरिकेत अशा दाव्यांवर 1974 पासून सरकारी नियम आहे, यावरून हा रोग किती जुना ते कळावं.

बरं, लागतात तरी किती वॅट? ते स्पीकरवर आहे. 87 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (म्हणजे एका वॅटला किती जोरात वाजतो त्या मापाचा) स्पीकर जो आवाज 100 वॅटला देईल तोच आवाज 90 वाला 50 वॅटला देतो, कारण 3 डेसिबल वाढवायचे तर वॅट दुप्पट लागतात. बारा बाय पंधराच्या हॉलमध्ये रोजच्या आवाजाला चॅनलमागे दोन-चार वॅटसुद्धा पुरतात, बाकीची ताकद स्फोटाबिफोटासाठी. शिवाय ॲक्टिव्ह सबवूफरचा ॲम्प त्याच्या पोटातच असतो, क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती सीमा, 80 हर्ट्झला लावला की जड काम तिकडे जातं. म्हणून आधी खोली, मग स्पीकर आणि शेवटी रिसीव्हर, हा क्रम बरा.

चॅनलचं सोपंय. 5.1.2 मध्ये पाच स्पीकर कानाच्या उंचीचे, एक सब आणि दोन वरचे, ॲटमॉससाठी, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणाऱ्या डॉल्बीच्या तंत्रासाठी. ॲटमॉस थिएटरात 2012 ला आलं, घरात 2014 ला. बहुतेक 7.2 (सात चॅनल, दोन सबची सोय) रिसीव्हरमधले दोन चॅनल छताला देता येतात, पण भाड्याच्या घरात पीओपी फोडायला मालक देणार नसेल तर चांगलं 5.1 घ्या आणि उरलेले पैसे सेंटर स्पीकरवर घाला, डायलॉग तिथूनच येतात.

एचडीएमआयचं मात्र नीट बघायचं. टीव्हीवरच्याच ॲपमधून पिक्चर बघणार असाल तर साध्या एआरसीतूनही (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच उलटा रिसीव्हरकडे आणायची सोय) ॲटमॉस येतं, कारण स्ट्रीमिंगवाले ते डॉल्बी डिजिटल प्लस या दाबून लहान केलेल्या फॉरमॅटमध्ये देतात. टीव्हीला जोडलेल्या ब्लू-रेवरचं ट्रूएचडी (डॉल्बीचा दर्जा न घटवणारा, जड फॉरमॅट) रिसीव्हरकडे न्यायचं तर ईएआरसी, म्हणजे एआरसीची वरची आवृत्ती पाहिजे. 4के 120 हर्ट्झवर गेम खेळणाऱ्यांना एचडीएमआय 2.1 लागतं, आणि ते किती पोर्टला आहे हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका, सगळ्या पोर्टला असेलच असं नाही.

माइक ठेवून खोलीप्रमाणे आवाज जुळवायची सोय आता बहुतेकांत असते: डेनॉन-मॅरँट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपाओ, ओन्क्योच्या बऱ्याच मॉडेलमध्ये डिराक. फरशी, काच आणि उघड्या भिंतींच्या आपल्या हॉलमध्ये याने फरक पडतो, तरी जाड पडदे आणि एक गालिचा आधी टाकून बघा.

अमेरिकेतल्या भावाकडून स्वस्तात मागवायचा मोह अनेकांना होतो, पण तिकडचं मॉडेल 120 व्होल्टचं, इथे 230, म्हणजे वर दणकट स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आला आणि वॉरंटी बहुधा गेली.