अंजनेरी म्हणजे ‘नाशिकचं कास’ नव्हे

ऑगस्ट सरत आला की नाशिककर जवळच्या अंजनेरीच्या डोंगराला ‘आपलं कास’ म्हणू लागतात; कास म्हणजे साताऱ्याजवळचं फुलांचं पठार. दोन्हीकडे धुकं, दोन्हीकडे सोनकी, उंचीही जवळपास सारखी: कास सुमारे 1200 मीटर, अंजनेरी 1300 च्या आसपास. फरक पायाखालच्या दगडात आहे.

मूळ दोघांचं एकच, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पण साताऱ्याकडच्या माथ्यावर त्या काळ्या दगडाचा ऊन-पावसाने जांभा झाला. सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन गेलं. लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं. म्हणून कासची माती उथळ, आम्लधर्मी आणि निकस. ‘दवबिंदू’ (ड्रोसेरा) नावाच्या वनस्पतीसारखी कीटकभक्षी झाडं तिथे सुखाने नांदतात. मातीत न मिळणारं नत्र ती किड्यांकडून वसूल करतात. सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, सपाट आणि सलग, त्यामुळे फुलंही सलग दिसतात. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात कासचा समावेश झाला आणि मग गर्दीला विचारायलाच नको.

अंजनेरीचा डोंगर मात्र काळ्या कातळाचाच राहिला. लाव्ह्याचे थर भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक बसलेले. टणक थराचा उभा कडा होतो. मधला सच्छिद्र थर लवकर झिजतो आणि तिथे अरुंद सपाटी तयार होते. चढताना हे टप्पे पायांनाच कळतात. घट्ट कातळात पाणी मुरत नाही. ते भेगांतून उतरतं आणि दोन थरांच्या सांध्याशी पाझरतं. म्हणून उघड्या माथ्यावर गवत, उथळ खळगी आणि तळं, तर दाट झाडी खाली, कड्याच्या पायथ्याशी माती साचते तिथे. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीचीही ठेवण हीच.

त्यामुळे इथे गालिचा शोधायला जाणारा हिरमुसतो. अंजनेरीचं खरं धन विखुरलेलं आहे. 2006 मध्ये जगाला ओळख झालेलं ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ हे कंदीलपुष्प घ्या. याच डोंगराचं नाव मिरवणारं. गवतात उभं असलं तरी फुलल्याशिवाय ओळखू येत नाही. कंदीलपुष्पांच्या नळीत बारीक माश्या अडकतात, परागकण घेऊन मगच सुटतात. पाऊस ओसरला की वरचा भाग वाळून जातो, कंद मात्र जमिनीत जिवंत राहतो. कासला काही वर्षं कुंपण तरी होतं. इथे फोटोसाठी वाट सोडून गवतात शिरणाऱ्याच्या बुटाखाली नेमका तोच येतो.