दुखायचा थांबलेला गुडघा

गुडघ्यातील पुढचे क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे खेळाडूंच्या बोलण्यातले ‘एसीएल’, शस्त्रक्रियेने नव्याने बसवल्यानंतर साधारण तिसऱ्या महिन्यात एक फसवा काळ येतो. कुबड्या केव्हाच सुटलेल्या असतात, सूज उतरलेली असते, जिना चढता-उतरता येतो, सरळ रेषेत हलके धावण्याची परवानगी मिळालेली असते किंवा मिळण्याच्या बेतात असते, आणि दुखणे जवळजवळ थांबलेले असते. आता उरला आहे तो फक्त सराव, असे खेळाडूला आणि पुष्कळदा त्याच्या प्रशिक्षकालाही वाटू लागते. सांध्याच्या आत मात्र दुरुस्तीचे मोठे काम अजून अर्ध्यावरही आलेले नसते. वेदना ओसरण्याला लागणारा काळ आणि ऊती घडण्याला लागणारा काळ यांत काही महिन्यांचे अंतर असते, आणि या दुखापतीतून सावरण्यातल्या बहुतेक चुका त्याच अंतरात होतात.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये तिरके बांधलेले, जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीचे हे लिगामेंट नडगीला पुढे सरकू देत नाही आणि गुडघ्याला नको तितका पीळ पडू देत नाही. ते तुटते तेव्हा बहुतेक वेळा प्रतिस्पर्ध्याचा धक्का गुडघ्याला लागलेलाच नसतो. उडी मारून उतरताना किंवा वेगात दिशा बदलताना पाय जवळजवळ सरळ राहतो, गुडघा आत झुकतो, नडगी फिरते आणि लिगामेंट तुटते. अशा प्रसंगांच्या चित्रफिती बारकाईने तपासणाऱ्या संशोधकांच्या अंदाजानुसार, पाय जमिनीला टेकल्यानंतर सुमारे ४० मिलिसेकंदांत हे घडून जाते. एवढ्या अवधीत विचार करून पाय सावरणे कोणालाही शक्य नसते. जी हालचाल आधीपासून अंगवळणी पडलेली असते तीच पाय करतो. पुनर्वसनाच्या उत्तरार्धात उडीवरून उतरण्याचे, थांबण्याचे आणि वळण्याचे धडे कंटाळा येईपर्यंत गिरवून घेतले जातात, त्यामागे हेच कारण आहे.

तुटलेली दोन टोके शिवून टाकली तर काम का भागत नाही, असा प्रश्न स्वाभाविक आहे. शरीरात इतरत्र जखम भरून येण्याची सुरुवात रक्ताच्या गुठळीपासून होते. गुडघ्याच्या आत मात्र सांध्यातील द्रवामुळे ती गुठळी टिकत नाही आणि दोन टोकांमध्ये पूल बांधायला आधारच उरत नाही. त्यामुळे शल्यचिकित्सक बहुधा खेळाडूच्याच शरीरातून एखादा स्नायुबंध, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, काढून घेतात. तो गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधाचा मधला भाग असतो, मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंचा असतो किंवा मांडीच्या पुढच्या स्नायूचा, म्हणजे क्वाड्रिसेप्सचा, वाटीच्या वरचा भाग असतो. दुर्बिणीच्या साहाय्याने दोन्ही हाडांत बोगदे पाडून हा नवा पट्टा, म्हणजे ग्राफ्ट, त्यांतून ओवला जातो आणि स्क्रूने किंवा धातूच्या छोट्या बटणाने पक्का केला जातो.

बसवल्या दिवशी हा ग्राफ्ट मूळ लिगामेंटइतका, किंबहुना त्याहूनही बळकट असू शकतो. कच्ची असते ती त्याची हाडाशी झालेली जोडणी. ग्राफ्टच्या टोकाला हाडाचा तुकडा असेल तर तो बोगद्यात साधारण सहा ते आठ आठवड्यांत सांधला जातो. नुसत्या स्नायुबंधाला हाडात रुजायला आठ ते बारा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. दरम्यान ग्राफ्टच्या मधल्या भागात उलटाच प्रवास सुरू झालेला असतो. रक्तपुरवठ्यापासून तोडलेल्या त्या ऊतीतील मूळ पेशी मरतात, मग आजूबाजूने नव्या पेशी आणि नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, जुने कोलॅजन, म्हणजे ऊतीला बळकटी देणारे प्रथिनाचे तंतू, मोडले जाते आणि नवे विणले जाते. एमिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये सशांवरील प्रयोगांच्या आधारे दाखवून दिले की स्नायुबंधाचे रूपांतर या मार्गाने हळूहळू लिगामेंटसारख्या ऊतीत होते. प्राण्यांवरील प्रयोगांत ग्राफ्टची ताकद पहिल्या दोन-तीन महिन्यांत कुठेतरी तळ गाठते आणि मग सावकाश वर चढते; माणसांत ही पुनर्रचना वर्ष उलटून गेल्यावरही चालू असल्याचे ऊतींच्या तपासणीत आढळले आहे. म्हणजे खेळाडूला सगळे ठीक वाटू लागते तो काळ आणि ग्राफ्ट दुबळा असण्याचा काळ एकमेकांवर येतात. ग्राफ्टला स्वतःची संवेदना जवळजवळ नसल्यामुळे तो याची सूचनाही देत नाही.

सुरुवातीच्या आठवड्यांत खरी लढाई असते ती सुजेशी आणि मांडीच्या पुढच्या स्नायूशी. सांध्यात द्रव साचला की तेथील चेतातंतू मज्जारज्जूकडे असे संदेश पाठवतात की क्वाड्रिसेप्सला मिळणारी चालना आपोआप कमी होते. निरोगी स्वयंसेवकांच्या गुडघ्यात मिठाचे निर्जंतुक पाणी टोचून केलेल्या प्रयोगांत तर २० ते ३० मिलिलिटर एवढ्या थोड्या द्रवानेही या स्नायूचा आतल्या बाजूचा भाग मंदावलेला आढळला. खेळाडू कितीही जिद्दीचा असला तरी हा अडसर इच्छाशक्तीने दूर होत नाही. म्हणूनच बर्फ, पाय उंच ठेवणे, चालण्यावर मर्यादा आणि गरज पडल्यास विजेच्या सौम्य झटक्यांनी स्नायू आकुंचित करणे, हे उपाय दिसायला किरकोळ असले तरी त्यांच्यावर पुढचे सारे अवलंबून असते. गुडघा पूर्ण सरळ होणे हेही याच काळातले काम आहे. वाकण्यातली उणीव नंतर भरून काढता येते. सरळ होण्यातली पाच-सहा अंशांची उणीव रेंगाळली तर चाल बिघडते आणि क्वाड्रिसेप्स कधीच पुरता जोर धरत नाही. माझ्या मते पहिल्या महिन्याच्या यशाचा याहून चांगला निकष नाही.

लिगामेंटबरोबर मेनिस्कस किंवा कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे आवरण) यांचीही शस्त्रक्रिया झालेली असेल तर हिशेब बदलतो, आणि ही जोडदुखापत मुळीच विरळ नाही. मेनिस्कस म्हणजे दोन हाडांमधली अर्धचंद्राकृती गादी. प्रौढांत तिच्या केवळ बाहेरच्या कडेला, साधारण १० ते ३० टक्के रुंदीपर्यंत, रक्तवाहिन्या पोहोचतात. तेथील फाट शिवली तर भरून येण्याची शक्यता चांगली असते, आतल्या भागातली फाट सहसा भरत नाही. येथे एक विचित्र प्रलोभन निर्माण होते. फाटलेला तुकडा कापून टाकला तर खेळाडू लगेच पायावर भार देऊ शकतो आणि काही आठवड्यांत सरावाला लागतो. तोच तुकडा शिवला तर काही आठवडे गुडघा ९० अंशांपलीकडे भार देऊन वाकवता येत नाही आणि खोल उठाबशांसाठी कित्येक महिने थांबावे लागते. पण गादी काढून टाकल्यावर सांध्याच्या पृष्ठभागांवर काय परिणाम होतात, हे इंग्रज शल्यचिकित्सक फेअरबँक यांनी १९४८ मध्येच क्ष-किरण चित्रांवरून मांडले होते. हंगाम वाचवण्यासाठी गादीचा बळी देणे हा व्यवहार बहुतेकदा तोट्याचा ठरतो, विशेषतः खेळाडू तरुण असेल तर.

हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेची गोष्ट आणखी अवघड आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि चेतातंतूही नाहीत. पेशी तुरळक आहेत आणि बहुतांश भाग पाण्याचा आहे. विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवून ठेवले होते की नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही. आज उपाय आहेत, तरी प्रत्येकाला मर्यादा आहे. मायक्रोफ्रॅक्चरमध्ये कूर्चेखालच्या हाडाला बारीक छिद्रे पाडून मज्जेतील पेशी वर येऊ दिल्या जातात. त्यातून तयार होणारी तंतुमय कूर्चा मूळ कूर्चेइतकी टिकाऊ नसते. दुसऱ्या पद्धतीत गुडघ्याच्या कमी भार पडणाऱ्या भागातून कूर्चेसह हाडाचे छोटे दंडगोल काढून खड्ड्यात बसवले जातात. तिसरीत रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून परत सोडल्या जातात. स्वीडनमधील ब्रिटबर्ग आणि पीटरसन यांच्या गटाने २३ रुग्णांवरील तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध केले.

कूर्चेला अन्न मिळते ते सांध्यातील द्रवातून, आणि तो द्रव तिच्यात खेळता राहतो तो हालचालीमुळे. टोरांटोचे शल्यचिकित्सक रॉबर्ट सॉल्टर यांनी सशांवरील प्रयोगांतून सिद्ध केले की शस्त्रक्रियेनंतर सांधा जखडून ठेवण्यापेक्षा सतत हळुवार हलवत ठेवला तर कूर्चा अधिक चांगली भरते. त्यामुळे अशा रुग्णाला हालचाल लवकर करायला लावतात, पण मांडीच्या हाडाच्या भार घेणाऱ्या भागावर दुरुस्ती झाली असेल तर साधारण सहा आठवडे पूर्ण भार देऊ देत नाहीत. वाटीमागच्या कूर्चेची दुरुस्ती असेल तर नियम उलटतो. पाय सरळ ठेवून उभे राहता येते, मात्र वाकलेल्या गुडघ्यावर भार चालत नाही. एकाहून अधिक दुरुस्त्या एकाच वेळी झाल्या असतील तर सर्वांत सावकाश भरणाऱ्या ऊतीप्रमाणे चालावे लागते, आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला वर्ष ते दीड वर्ष लागू शकते. संघातल्या दुसऱ्या खेळाडूच्या गुडघ्याशी आपल्या गुडघ्याची तुलना करणे म्हणूनच व्यर्थ असते.

मग परतायचे कधी? या प्रश्नावर नॉर्वे आणि अमेरिका येथील संशोधकांनी मिळून केलेला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास फार बोलका आहे. त्यात नऊ महिन्यांपर्यंत परतीला दर महिना विलंब झाला, तसे गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी घटलेले आढळले. नऊ महिन्यांनंतर थांबण्याचा तसा लाभ दिसला नाही. ताकदीच्या आणि एका पायावरील उड्यांच्या चाचण्या उत्तीर्ण न होता खेळात परतलेल्यांपैकी ३८ टक्के जणांना पुन्हा दुखापत झाली, तर उत्तीर्ण झालेल्यांत हेच प्रमाण ६ टक्क्यांहून कमी होते. म्हणजे कॅलेंडर आणि चाचणी दोन्ही हवीत. या चाचण्यांत ऑपरेशन झालेल्या पायाने दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के कामगिरी करावी अशी अपेक्षा असते. पण इतक्या महिन्यांच्या विश्रांतीने चांगला पायही दुबळा झालेला असतो, त्यामुळे हे गुणोत्तर फसवे असू शकते. जमल्यास शस्त्रक्रियेपूर्वीच चांगल्या पायाची ताकद मोजून ठेवावी, हा सल्ला त्यामुळे मोलाचा आहे. लांब उडीचे अंतर भरून आले तरी ती उडी नितंब आणि घोट्याच्या जोरावर मारलेली असू शकते, हेही अनुभवी फिजिओथेरपिस्ट ध्यानात ठेवतात.

अपवादांच्या कथा मात्र अधिक लक्षात राहतात. अमेरिकन फुटबॉलमधला एड्रियन पीटरसन डिसेंबर २०११ मध्ये एसीएल तुटल्यानंतर पुढच्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात खेळला आणि त्या हंगामात त्याने २,०९७ यार्ड धाव घेतली. हे खरेच विलक्षण होते, आणि विलक्षण होते म्हणूनच ते कोणाचेही वेळापत्रक होऊ शकत नाही. हजारो रुग्णांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०१४ मधील विश्लेषणानुसार शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या खेळात परतले, ६५ टक्के दुखापतीपूर्वीच्या पातळीवर आणि ५५ टक्के स्पर्धात्मक खेळात. न परतणाऱ्यांत असेही अनेक असतात ज्यांचा गुडघा तपासणीत पक्का असतो, पण मनातली भीती गेलेली नसते. ही भीती आता प्रश्नावलीने मोजली जाते आणि तिच्यावर टप्प्याटप्प्याने काम केले जाते. आधी एकट्याने वळणे, मग समोर स्थिर अडथळा, मग अंदाज न येणारा प्रतिस्पर्धी, मग मर्यादित मिनिटांचा सामना.

दुसऱ्या बाजूलाही लक्ष असावे लागते. पंचविशीच्या आतल्या, मैदानावर परतलेल्या खेळाडूंपैकी जवळपास चौथ्या हिश्श्याला पुन्हा एसीएलची दुखापत होते, आणि त्यांतल्या बऱ्याच दुखापती ऑपरेशन न झालेल्या गुडघ्याला होतात. त्यामुळे उतरण्या-वळण्याचे व्यायाम दोन्ही पायांचे असतात आणि परतीनंतरही आठवड्यातून दोन-तीनदा, हंगाम चालू असतानाही, करावे लागतात. सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्यावर सूज दिसली तर वेदना नसली तरी त्या आठवड्याचा भार कमी करायचा असतो. कूर्चेची दुरुस्ती झालेल्या गुडघ्यात तर सूज हीच बहुधा पहिली आणि कित्येकदा एकमेव सूचना असते.