साठाऐवजी एकोणसाठ

सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या एखाद्या कारखान्यात जॅकार्डच्या, म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांवरून नक्षी उतरवणाऱ्या मागावर चादर विणली जात आहे, असे समजू. मधल्या अंगाची नक्षी दर ८४ आडव्या धाग्यांनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, काठावरची वेल दर ६० धाग्यांनंतर. अंग आणि काठ दोन्ही कार्डांच्या एकाच माळेवर चालतात आणि साध्या जोडणीत एका आडव्या धाग्याला एक कार्ड लागते. मग माळेत कार्डे किती?

घाईत ८४ × ६० करून ५०४० असे उत्तर दिले जाते. तेवढ्या कार्डांनी चादर बिघडणार नाही, पण लागतात त्याच्या बारापट कार्डांना भोके पाडावी लागतील. ८४ म्हणजे २×२×३×७ आणि ६० म्हणजे २×२×३×५. दोन्हींत सामाईक आहे २×२×३ = १२, हा मसावि, म्हणजे दोन्हींना भागणारी सर्वांत मोठी संख्या. गुणाकारात हा १२ दोनदा मोजला गेला, म्हणून एकदा भागायचा: ५०४० ÷ १२ = ४२०. हा लसावि, म्हणजे दोन्हींच्या पटीत येणारी सर्वांत लहान संख्या, आणि तेवढीच कार्डे पुरतात. इथे एक बारीक चूक नेहमी होते. दोन्ही नक्ष्या पहिल्या धाग्याला सुरू झाल्या, तर पुन्हा एकत्र सुरू होतात त्या ४२१ व्या धाग्याला. कार्डे मात्र ४२०च.

आता काठाची वेल एका धाग्याने आखूड करू, ६० ऐवजी ५९. कार्डे थोडी कमी लागतील असे वाटते. प्रत्यक्षात ५९ ही मूळ संख्या आहे, तिचा ८४ शी १ खेरीज काहीच सामाईक अवयव नाही, म्हणून लसावि होतो ८४ × ५९ = ४९५६. इंचाला ४० आडवे धागे धरले तर ४२० धाग्यांचे कापड साडेदहा इंच भरते आणि ४९५६ धाग्यांचे जवळजवळ १२४ इंच, दहा फुटांहून जास्त! एवढी लांब चादर कोण पांघरणार? म्हणजे एका चादरीत अंग आणि काठ पुन्हा कधीच जुळत नाहीत आणि पुढची चादर भलत्याच ठिकाणाहून सुरू होते. याउलट वेल ५६ धाग्यांची केली तर लसावि १६८, ४२ ची केली तर ८४. नक्षी काढणाऱ्याने धाग्यांची संख्या ठरवतानाच मसावि मोठा राहील असे पाहावे, नंतर काही हाती राहत नाही.

अवयव पाडणे लहान संख्यांना ठीक आहे. ३९१ सेंटिमीटर आणि २९९ सेंटिमीटरचे कापडाचे दोन तुकडे आहेत, दोन्हींतून काही वाया न घालवता सारख्या लांबीचे, शक्य तितके लांब रुमाल कापायचे आहेत. दोन्ही संख्या २, ३, ५, ७ ने एकत्र भागल्या जात नाहीत, तेव्हा बहुतेक जण ‘मसावि १’ लिहून पुढे जातात. भागाकाराची रीत जास्त भरवशाची. ३९१ ला २९९ ने भागा, बाकी ९२. २९९ ला ९२ ने भागा, बाकी २३. ९२ ला २३ ने पूर्ण भाग जातो, म्हणून मसावि २३. रुमाल १७ आणि १३, एकूण ३०. जी संख्या दोघांना भागते ती त्यांच्या बाकीलाही भागते, एवढ्याच आधारावर ही रीत उभी आहे. युक्लिडच्या ग्रंथात ती आहे, आणि आर्यभटाच्या कुट्टकातही, म्हणजे पूर्णांकी उत्तरे शोधण्याच्या रीतीतही, हाच एकाआड एक भागाकार आहे.

मसाविचे खरे काम मात्र वेगळेच आहे. उत्तर मुळात आहे की नाही, हे तो आधीच सांगतो. समजा, चाटी गल्लीतल्या दुकानात टॉवेलचे गठ्ठे १२ चे आणि १५ चे आहेत, गठ्ठा फोडायचा नाही आणि मागणी आहे २०० ची. कितीही जुळवाजुळव करा, जमणार नाही. १२ आणि १५ चा मसावि ३, म्हणून गठ्ठ्यांची कोणतीही बेरीज ३ च्या पटीतच येणार, आणि २०० ला ३ ने भाग जात नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या लीलावतीत अशा उदाहरणाला सरळ ‘दुष्ट’, म्हणजे सदोष, म्हटले आहे. असे उदाहरण घालणाऱ्यालाच तो टोला असावा.

मागणी २०१ असेल तर सगळे ३ ने भागून घ्या: ४ चे काही आणि ५ चे काही मिळून ६७. बाराचे १३ गठ्ठे आणि पंधराचे ३, हे एक उत्तर. बाराचे पाच काढून पंधराचे चार घातले तर बेरीज बदलत नाही, कारण दोन्हीकडे ६०, म्हणजे लसावि. त्यामुळे ८ व ७, आणि ३ व ११ हीही उत्तरे. चौथे नाही. ३ ने भाग जातो म्हणून उत्तर असेलच असेही नाही: ३३ टॉवेल देता येत नाहीत. ३३ च्या पुढची ३ ची प्रत्येक पट मात्र जमते.

बाकीच्या गणितांतही हीच चाळणी. कडक भाकरी सहा-सहाच्या पाकिटांत भरल्या तर ४ उरतात, दहा-दहाच्या पाकिटांत ८. दोन्हीकडे पूर्ण पाकिटाला २ कमी पडतात, म्हणून लसावि ३० मधून २ वजा: २८, मग ५८, ८८. सहाच्या पाकिटांत ३ आणि दहाच्या पाकिटांत ८ उरल्या असे कोणी सांगितले, तर मोजणीतच चूक आहे. पहिल्या हिशेबाने भाकरी विषम, दुसऱ्याने सम. नियम असा: दोन बाक्यांतला फरक मसाविने भागला गेलाच पाहिजे.

तो नियम घेऊन परत मागाकडे. अंगाच्या ८४ पैकी ३५ व्या धाग्यावर मोराचा डोळा आहे, काठाच्या ६० पैकी १० व्या धाग्यावर फूल. दोन्ही एका ओळीत यावेत अशी गिऱ्हाइकाची इच्छा आहे. फरक २५, मसावि १२, म्हणजे कितीही लांब विणले तरी येणार नाहीत. फूल एकच धागा पुढे, ११ व्यावर घ्या: फरक २४. आता ३७१ व्या धाग्यावर डोळा आणि फूल समोरासमोर येतात, आणि पुढे दर ४२० धाग्यांनी.