बोरिवलीचं जंगल वाचलं कसं: पाणी, कारवी आणि बिबट्या

मुंबईकराला नॅशनल पार्क म्हटलं की सकाळचा वॉक, लहानपणीची मिनी ट्रेन आणि कान्हेरीला जाणारा तो चढाचा रस्ता, एवढंच आठवतं. पण एवढ्या गर्दीच्या शहराच्या ऐन मध्यात जवळपास १०४ चौरस किलोमीटर जंगल उरलं कसं, हा प्रश्न काही कोणाला पडत नाही, मलाही बरीच वर्षं पडला नव्हता. कोणाला झाडांचा, प्राण्यांचा कळवळा आला म्हणून ते उरलं असं वाटत असेल तर तसं नाहीये. ते उरलं पाण्यामुळे.

आणि ही पाण्याची गोष्ट थेट कान्हेरीपासून सुरू होते. तिथे शंभरावर लेणी आहेत, सगळ्यात जुनी साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या बाजूला कातळात खोदलेलं टाकं दिसतं. पावसाचं पाणी उतारावरून वाहून जाऊ नये म्हणून वर खडकात बारीक पन्हळी काढल्यात, त्यातून ते टाक्यात उतरतं. शिलालेखात या टाक्यांना 'पोढी' म्हटलंय, आणि दान देणाऱ्यांत कल्याण, सोपाऱ्याकडचे व्यापारी आहेत. म्हणजे ज्या डोंगरावर लोक आज चिप्स खात बसतात तिथे भिक्षू आठ महिने साठवलेल्या पाण्यावर काढायचे. कान्हेरी हे नावच कृष्णगिरीवरून आलंय, काळा डोंगर.

मग इंग्रजांचा काळ. मुंबई बेट तेव्हा विहिरी आणि तळ्यांवर जगत होतं आणि लोकसंख्या वाढली तशी उन्हाळ्यात बोंब व्हायला लागली. शेवटी हेन्री कोनीबेअर नावाच्या इंजिनियरच्या योजनेप्रमाणे साष्टीच्या डोंगरात मिठी नदीचं पाणी अडवलं आणि १८६० मध्ये विहार तलाव झाला, तो पुरेना म्हणून १८७९ मध्ये तुळशी. आता प्यायचं पाणी म्हटल्यावर आजूबाजूच्या डोंगरउतारावर वस्ती नको, गुरं नकोत, घाण नको, म्हणून ते पाणलोट क्षेत्र बंद ठेवलं गेलं. माझ्या मते जंगल वाचायचं खरं कारण हेच, बाकी सगळं नंतरचं. गंमत म्हणजे आज मुंबईच्या एकूण पाण्यात विहार आणि तुळशीचा वाटा अगदीच किरकोळ आहे, बहुतेक पाणी भातसा, वैतरणाकडून येतं, पण तलावांभोवतीचं जंगल मात्र राहिलं, आणि तलावांत मगरीही राहिल्या. मिठी विहारमधून निघते, दहिसर नदी तुळशीकडून, शहरात येईपर्यंत त्यांचं काय होतं ते आपण बघतोच.

पार्क म्हणून नावं बदलत गेली, आधी कृष्णगिरी, मग बोरिवली नॅशनल पार्क, मग संजय गांधी, आणि दर वेळी हद्दही थोडी थोडी वाढत गेली. लोक अजून बोरिवलीचा नॅशनल पार्कच म्हणतात.

आता झाडं. साग, ऐन, काटेसावर, पळस, पांगारा, ओढ्याकाठी जरा दाट सावलीची झाडं, हे सगळं आहेच, पण या डोंगराची खरी मालकीण कारवी. माणसापेक्षा उंच वाढणारं झुडूप, पानं मोठी आणि हात फिरवला तर खरखरीत, कडा दातेरी. सात वर्षं ती नुसती वाढते, फूल नाही काही नाही, ट्रेकला जाणारे तिच्या काठ्या धरून चढतात आणि नावही विचारत नाहीत. आठव्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटाकडे सगळी कारवी एकदम फुलते, अख्खा उतार जांभळा, आणि आत शिरलं की मधमाश्यांचा गुणगुणाट एवढा की शेजारच्याशी जोरात बोलावं लागतं. इथली कारवी २०१६ मध्ये फुलली, नंतर २०२४ मध्ये. फुलून झालं की बी धरते आणि झुडूप मरून जातं. बोंडं मात्र वाळक्या काड्यांवर तशीच राहतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर तडतड फुटून बी उडवतात. एवढं बी एकाच वेळी पडलं तर खाणारे खाऊन खाऊन थकतात आणि उरलेलं रुजतं, म्हणून हा सगळा एकत्र फुलायचा खटाटोप असं मानतात. वाळलेल्या काड्याही फुकट जात नाहीत, पाड्यांवर वारली लोक त्यांचा कूड घालतात आणि वर शेणमाती लिंपतात, भिंत तयार.

प्राण्यांत चितळ, सांबर, भेकर, माकडं, अगदी वाघाटी म्हणजे ती इवलीशी रानमांजरसुद्धा आहे, पण बातमी होते ती बिबट्याचीच. २००२ ते २००४ हा काळ वाईट होता, हल्ल्यांत बरीच माणसं गेली. तेव्हा 'जंगल कमी पडतंय म्हणून बाहेर येतात' असं सगळे बोलायचे, पण दुसऱ्या भागांत पकडलेले बिबटे आणून इथे सोडणं हेही एक कारण होतं. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या जुन्नर भागातल्या अभ्यासातून दिसलं की पकडून अनोळखी जागी सोडलं की त्रास उलट वाढतो. मग धोरण बदललं, २०११ पासून पार्कने लोकांना सोबत घेऊन जनजागृती सुरू केली आणि हल्ले बरेच कमी झाले. २०१५ च्या कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, मोजणीत पार्क आणि आसपास मिळून ३५ बिबटे निघाले. एवढ्याशा जागेत एवढे कसे, तर कडेच्या वस्त्यांचा उघडा कचरा, त्यावर पोसलेली कुत्री, आणि रात्री कुत्र्यांवर बिबट्या, सरळ हिशोब.

पाड्यावरच्या लोकांना यातलं काही नवीन नव्हतं. त्यांचा वाघोबा दगडावर, लाकडावर कोरून शेंदूर लावून कधीचा बसलाय, वाघबारशीला त्याची पूजा होते, आणि त्यांच्या लेखी वाघ काय नि बिबट्या काय, दोन्ही वाघच. पण पार्कमधल्या अतिक्रमणांविरुद्ध १९९५ ला पर्यावरणवाल्या संस्थेची याचिका गेली, १९९७ ला हायकोर्टाने अतिक्रमणं हटवायला सांगितलं, हजारो झोपड्या गेल्या, आणि त्या गडबडीत पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहणारे आदिवासी आणि कालपरवा आलेली वस्ती यांत फरक कसा करायचा हा वाद जो उभा राहिला तो अजून मिटलेला नाही. आता तर पार्कच्या पोटाखालून ठाणे-बोरिवली आणि गोरेगाव-मुलुंडचे बोगदे चाललेत, वर २०२४ च्या कारवीच्या बियांतून उगवलेली रोपं आहेत, ती फुलायला २०३२ उजाडेल.