लोरा मॉड्यूलचा पल्ला : बदलून मागण्याआधी मोजून पाहा

लोरा म्हणजे कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारी रेडिओ पद्धत. तिच्या मॉड्यूलच्या जाहिरातीत ‘१० किलोमीटर’ लिहिलेलं असतं. मॉड्यूल नेल्यावर दोन-तीन दिवसांत ग्राहक परत येतो, “भाऊ, दोन गल्ल्यांपलीकडे जात नाही, बदलून द्या.” आम्ही टेबलावर लावून पाहतो, तर बहुतेक वेळा मॉड्यूल ठणठणीत असतं. म्हणून हे पत्रक.

पल्ला मॉड्यूलच्या अंगी नसतो. दोन्ही अँटेना किती उंच आहेत आणि मध्ये काय उभं आहे, यावर तो ठरतो. २०१७ मध्ये युरोपात ३८ किलोमीटर उंच गेलेल्या बलूनवरून लोराचा संदेश अवघ्या २५ मिलीवॅटमध्ये ७०२ किलोमीटरपर्यंत पोहोचला होता. तेवढ्याच ताकदीचा संदेश नागपुरात धरमपेठेतल्या तळमजल्यावरून समोरची अपार्टमेंट ओलांडताना दमतो.

बाहेर पडण्याआधी जोडणी तपासा. अँटेना आधी, वीज नंतर; अँटेनाशिवाय संदेश पाठवला तर मॉड्यूल जळू शकतं आणि ते आम्ही बदलून देत नाही. सर्वाधिक तक्रारी मात्र आर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या ३.३ व्होल्ट पिनमुळे येतात. ती पिन जेमतेम ५० मिलिअँपिअर देते, आणि मॉड्यूल पूर्ण ताकदीवर पाठवताना १२० च्या आसपास ओढतं. त्यामुळे ऐकण्याचं काम सुरळीत चालतं, पाठवायची वेळ आली की सगळं रिसेट होतं. मॉड्यूलला ३.३ व्होल्टचा वेगळा रेग्युलेटर लावा. नॅनोच्या सिग्नल पिना ५ व्होल्टच्या असतात, त्यामुळे मध्ये लेव्हल कन्व्हर्टर (५ व्होल्टचा सिग्नल ३.३ वर आणणारा) हवा. ईएसपी३२ बोर्ड ३.३ व्होल्टवरच चालतो, त्याला त्याची गरज नाही. उदाहरणाच्या कोडमध्ये बहुधा ९१५ मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं. ते बदलून ८६६ करा, कारण आपल्याकडे विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ चा आहे. तारेची अँटेना करणार असाल तर सरळ तार, साधारण साडेआठ सेंटिमीटर.

आता चाचणी. पाठवणारा नग एका जागी ठेवा आणि प्रत्येक पॅकेटमध्ये (एका वेळी पाठवलेल्या संदेशात) १, २, ३ असा क्रमांक घाला. घेणारा नग पॉवर बँकवर लावून तुम्ही फिरा. प्रत्येक ठिकाणी १०० पॅकेटांपैकी किती आली ते मोजा, सोबत आरएसएसआय (सिग्नलची ताकद) आणि एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, डेसिबलमध्ये) वहीत लिहा. कुठेतरी एखादं पॅकेट आलं म्हणजे ‘तिथवर पोहोचतं’ असं होत नाही. स्प्रेडिंग फॅक्टर ही संदेश किती सावकाश पाठवायचा याची सेटिंग, ७ ते १२; आकडा मोठा तितका संदेश सावकाश, पण दूरवर ऐकू येणारा. फॅक्टर ७ ला एसएनआर उणे साडेसातच्या जवळ आला की तुम्ही काठावर उभे आहात. फॅक्टर १२ ला हीच सीमा उणे २० आहे.

मग सगळे थेट १२ वर जातात. पण १० बाइटचं पॅकेट ७ वर सुमारे ४१ मिलिसेकंदांत जातं, १२ वर जवळजवळ पूर्ण सेकंद घेतं. बॅटरीही तेवढाच वेळ जळते. उणे साडेसातवरून उणे २० वर गेल्याने मिळालेल्या या साडेबारा डेसिबलमध्ये जमिनीलगत पल्ला फार तर दुप्पट होतो. दोन्ही अँटेना दीड मीटरवरून तीन मीटरवर नेल्या तरी जवळपास तेवढंच मिळतं, आणि खर्च दोन बांबूंचा. आमचं मत विचाराल तर आधी बांबू.

चाचणीची जागा म्हणाल तर फुटाळा तलावाचा काठ बरा, पाण्यावरून मध्ये आडकाठी नसते. पण तिथला आकडा घेऊन महालातल्या गल्लीत तोच मिळेल अशी आशा धरू नका. वायुसेनेच्या हद्दीपाशी किंवा विमानतळाजवळ हातात तारा घेऊन फिरणं टाळा. उगाच उत्तरं देत बसावं लागेल. नुसतं समोरचं टोक दिसणंही पुरत नाही. दोन किलोमीटरच्या अंतरावर मध्यभागी सरळ रेषेभोवती सुमारे १३ मीटर त्रिज्येची जागा लहरींना लागते. त्यात झाडं-घरं घुसली की सिग्नल घटतो.

काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदारांसाठी खास : मे महिन्यात घेतलेली चाचणी मृग बहाराच्या पावसात टिकत नाही. ओली पालवी सिग्नल गिळते. अँटेना झाडांच्या शेंड्यांवर काढा आणि उन्हाळ्यात १०० पैकी ९५ येत असतील तिथेच थांबा, आणखी पुढे नग रोवू नका. बंद डबी उन्हात तापली की मॉड्यूलची फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या स्वस्त क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी सरकते, म्हणून बँडविड्थ (सिग्नलच्या पट्ट्याची रुंदी) १२५ किलोहर्ट्झच्या खाली नेऊ नका. डबी पांढरी असावी, सावलीत असावी.

एवढं करूनही जमलं नाही तर दोन्ही मॉड्यूल पाच पावलांवर ठेवून आरएसएसआय बघा. तो उणे ९० च्या खाली असेल, तर अँटेना, सोल्डर किंवा मॉड्यूल यांपैकी काहीतरी खरंच बिघडलंय. दोन्ही नग, अँटेना आणि वहीचं पान घेऊन या. दोष मॉड्यूलमध्ये निघाला तर तिथल्या तिथे बदलून देऊ.